जिवंत पोहोचली, एवढंच पुरे?

साशंक : कुरियरचं खोकं दारात येतं. आत फोमचं अस्तर, थंडीचे दिवस असतील तर उष्णता देणारी एक पुडी, छिद्रं पाडलेला प्लास्टिकचा डबा, ओलसर टिश्यूपेपर, आणि त्यावर डोळे मिटून पडलेली लेपर्ड गेको जातीची पाल. डोळे खोल गेलेले, कातडी सैल, शेपटी बारीक, कमरेची हाडं वर आलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवला की उत्तर येतं, ‘जिवंत आहे ना? प्रवासाचा ताण आहे, सावरेल.’ मग तुमच्यासारखी जाणती मंडळी नवख्या माणसाला काय करायचं ते समजावून सांगतात. त्या सल्ल्याला माझी हरकत नाही. असा सल्ला रोज लागावा ही व्यवस्था आपण मान्य कशी केली, हा माझा प्रश्न आहे. पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा जीव अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रातोरात धाडायचा, आणि अर्धमेला पोहोचला की त्याची शुश्रूषा करण्याला प्राणिप्रेम म्हणायचं, यात मूळ चूक कुणी विचारातच घेत नाही.

हौशी : ती चूक विचारात घेऊ, पण आधी त्या डब्यातल्या जिवाचं बोलू. व्यवस्थेबद्दलचा तुमचा प्रश्न उद्याही विचारता येईल. तिला आज रात्री काय हवं, ते मात्र आजच ठरवावं लागतं. आणि या पहिल्या रात्री सगळ्यात जास्त नुकसान घाबरलेल्या मायेमुळे होतं. माणूस सगळं एकदम करू पाहतो. तापलेल्या मॅटवर ठेवतो, तोंड उघडून अळी भरवतो, अंघोळ घालतो, व्हिटॅमिनचे थेंब पाजतो, मुलांच्या हातात देतो. या प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते, आणि क्रम चुकला की तीच गोष्ट घातक ठरते.

पहिली ऊब. पालीचं शरीर स्वतःचं तापमान आतून राखत नाही. तिचं पचन, जंतूंशी झगडणं, जखम भरून येणं हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. तरीही गारठून आलेल्या पालीला लगेच तापलेल्या जागी ठेवू नये. डबा थोडा वेळ खोलीच्या तापमानाला राहू द्यावा आणि मग तिला टाकीत सोडावं. टाकीच्या एका टोकाला जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश, आणि दोन्हीकडे लपायला जागा. कुठे बसायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं. थर्मोस्टॅट नसेल तर हीट मॅट लावूच नये, पोट भाजतं. खाली वाळू नको, साधे पेपर टॉवेल घालावेत, म्हणजे तिने शी केली की नाही आणि कशी केली, हे दिसतं.

दुसरं पाणी. पोटाला जेमतेम लागेल इतक्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं, तेही तिच्यावरून नजर न हलवता. ओठांवर एखादा थेंब सोडला तर बहुतेक पाली तो चाटतात. शिवाय आत ओलसर शेवाळ किंवा टिश्यू असलेली लपायची एक जागा. ती नसेल तर कात नीट सुटत नाही, बोटांना आवळून बसते आणि शेवटी बोटं झडतात.

अन्न सगळ्यात शेवटी. गार पोटात गेलेला किडा पचत नाही, तो आतच कुजतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घसरतं. दीर्घ उपासमारीतून वाचलेल्या माणसांच्या बाबतीतही डॉक्टर याच धोक्याला भितात. म्हणून आधी ऊब, मग पाणी, आणि ती स्वतःहून हालचाल करू लागली की एखाद-दुसरा छोटा किडा, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवलेला. तोवर गरजेशिवाय तिला हात लावायचा नाही.

साशंक : म्हणजे तुमच्या शुश्रूषेचा मोठा भाग ‘काही करू नका’ असाच आहे. मला त्यात शहाणपण दिसतं, तसा धोकाही दिसतो. विकणाराही नेमकं हेच सांगतो : थांबा, त्रास देऊ नका, सावरेल. शब्द तेच, पण तुमचा हेतू प्राण्याला वाचवण्याचा असतो आणि त्याचा तक्रारीची मुदत टळून जाण्याचा. ही जात आपलं दुखणं दाखवत नाही. ज्याला सगळेच खायला टपलेले असतात, तो जीव अशक्तपणा लपवायला शिकतो. ती निपचित बसली आहे ती विश्रांती घेते आहे की मरते आहे, हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं? वाट पाहणं कुठे संपतं आणि हयगय कुठे सुरू होते, याची रेघ तुम्ही दाखवली नाहीत.

हौशी : ती रेघ डोळ्यांनी दिसत नाही, तराजूवर दिसते. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा पुरतो. आली त्या दिवशी वजन, मग दर दोन-तीन दिवसांनी त्याच सुमाराला वजन, आणि सगळं वहीत. धडधाकट मोठी लेपर्ड गेको शेपटीतल्या चरबीवर काही आठवडे काढू शकते, त्यामुळे नव्या घरी पहिला आठवडा खाल्लं नाही म्हणून जीव टांगणीला लावू नये. पण आल्यापासून वजन दहा टक्क्यांनी उतरलं, तर थांबायचं नाही. काही खुणा दिसल्या तर तराजूचीही वाट पाहायची नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, उलटं केल्यावर सरळ होता न येणं, खाल्लेलं ओकणं, रबरासारखा मऊ पडलेला जबडा, थरथरणारे पाय, बाहेर आलेलं आतडं. यांतलं काहीही दिसलं की सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जायचं, त्याच दिवशी. पन्नास ग्रॅमच्या पालीला कातडीखाली द्यायचं सलाइन जेमतेम एक मिलिलिटरच्या आसपास असतं. ते घरी अंदाजाने करायचं काम नाही.

दुसरी शिस्त विलगीकरणाची. घरात आधीच्या पाली असतील तर नवी पाल दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायची, तिचा चिमटा वेगळा, भांडी वेगळी, आणि तिचं काम रोज सगळ्यात शेवटी. तिची शी तपासून घ्यायची. शेपटी सुकत चालली, खाऊनही वजन उतरतं, अशा पालीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यातला परजीवी असू शकतो. नेहमीच्या ब्लीचने तो मरत नाही. औषधाने त्याचा जोर कमी होतो, पण तो खात्रीने समूळ जाईल असं औषध नाही. एका पालीवरची दया बाकीच्यांच्या जिवावर बेतू नये, यासाठी ही शिस्त.

साशंक : तुम्ही शेपटीचं नाव काढलंत, तिथेच थांबू. शेपटी हा तिचा चरबीचा साठा. तो एका रात्रीत संपत नाही. कुरियरच्या प्रवासाने ती गारठेल, तहानेल, घाबरून शेपटी टाकेलही, पण टाकली नसताना शेपटी बारीक झाली आहे याचा अर्थ ती खोक्यात जाण्यापूर्वी कित्येक आठवडे नीट खात नव्हती, किंवा आजारी होती. जबडा रबरासारखा मऊ, हे तर महिनोन्‌महिने कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी-३ कमी पडल्याचं फळ. म्हणजे ज्याला आपण ‘प्रवासाचा ताण’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग प्रवासाचा नसतोच. प्रवासाच्या नावाखाली आधीची हयगय खपून जाते.

हौशी : हे मी शंभर टक्के मानतो, आणि ही तपासणी प्रत्येक विकत घेणाऱ्याने शिकावी असंही म्हणतो. प्रवासाने काय केलं आणि आधीपासून काय होतं, हे शरीर सांगतं. खोल गेलेले डोळे आणि चिकट लाळ हे एका वाईट रात्रीचंही असू शकतं, ते पाण्याने आणि उबेने बऱ्याचदा लवकर सुधारतं. बारीक शेपटी, बोटांवर अडकलेली जुनी कात, वाकलेली हाडं, या गोष्टी जुन्या. त्यांचे फोटो पहिल्याच तासात काढावेत, वजनाच्या काट्यासकट. सांभाळणाऱ्याला पुढे किती वेळ लागणार आहे, तेही यावरूनच कळतं. तहानलेली पाल आठवड्यात सावरते, उपासमार झालेल्या पालीला महिने लागतात.

साशंक : फोटो काढून पाठवायचे कुणाला? विकणाऱ्याची हमी कशाची असते ते पाहा. ‘जिवंत पोहोचेल’, एवढीच. खोकं आल्यापासून एक-दोन तासांत मेलेल्या प्राण्याचा फोटो पाठवला तर पैसे परत किंवा बदली प्राणी. मेली तर भरपाई, मरणाच्या वाटेवर असेल तर काही नाही. आता हा नियम आणि या प्राण्याचं शरीर शेजारी ठेवा. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत तिला फार थोडी ऊर्जा लागते. म्हणूनच ती डब्यात अन्नपाण्यावाचून एक रात्र काढू शकते. पाठवण्याआधी दोन-तीन दिवस तिला मुद्दाम उपाशी ठेवतात, तेही ती सोसते. पण ज्या संथपणामुळे ती खोक्यातून पाठवण्याजोगी ठरते, त्याच संथपणामुळे ती मरतेही सावकाश. उंदराचं पिल्लू असं पाठवलं तर चूक सकाळी दिसेल. पालीच्या बाबतीत ती तिसऱ्या आठवड्यात दिसते, तेव्हा हमी केव्हाच संपलेली असते आणि दोष नव्या मालकाच्या माथी येतो. विकणाऱ्याच्या वहीत ती ‘सुखरूप पोहोचली’ अशीच राहते.

कायदाही इथे मदतीला नाही. अमेरिकेचा १९६६ चा प्राणिकल्याण कायदा उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरता आहे, सरपटणारे प्राणी त्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. टपाल खात्याच्या नियमांत लहान, निरुपद्रवी, थंड रक्ताचे प्राणी पाठवायला मुभा आहे, साप आणि कासवं वगळून. आणि नजर नसली की काय होतं त्याचा दाखला आहे. २००९ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या आर्लिंग्टन इथे एका घाऊक विक्रेत्याच्या गोदामातून २६ हजारांहून अधिक प्राणी जप्त झाले. त्यावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ८० टक्के प्राणी आजारी, जखमी किंवा मेलेले होते. साठा पालटण्याच्या सहा आठवड्यांत ७२ टक्के दगावत. आणि मला सगळ्यात जास्त छळणारा आकडा पुढचा आहे. जप्तीनंतर, म्हणजे काळजी घेणाऱ्यांच्या हाती आल्यानंतरच्या दहा दिवसांत सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी सुमारे ४२ टक्के गेले, ज्यांना यातनांतून सोडवावं लागलं ते धरून. शुश्रूषेला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आपण पोहोचण्यापूर्वीच ओलांडलेली असू शकते.

हौशी : ते आकडे मलाही छळतात. पण त्यांचा नीट उपयोग करायचा तर दोन व्यापार वेगळे करावे लागतील. आर्लिंग्टनचं गोदाम जगभरातून आणलेल्या प्राण्यांचं होतं. अनेक जाती, गर्दी, घाऊक माल. ज्या लेपर्ड गेकोबद्दल आपण बोलतो आहोत, ती अमेरिकेत अनेक पिढ्या माणसांच्या घरांत जन्मते आहे. असंख्य लहान पैदासकार घरच्या एका खोलीत मोजक्या जोड्या ठेवतात, प्रत्येकीचं वजन लिहितात, बाहेर कडाक्याची थंडी किंवा उन्हाळ्याची काहिली असेल तर पाठवायला साफ नकार देतात, आणि खोकं दारात ठेवण्याऐवजी कुरियरच्या केंद्रावरून घ्या म्हणून आग्रह धरतात. पाठवणं बंद झालं तर आधी हेच लोक संपतील. उरतील मोठ्या साखळीतली दुकानं. तिथल्या पालीही ट्रकनेच येतात, फक्त तो प्रवास गिऱ्हाइकाला दिसत नाही. जत्रेसारख्या भरणाऱ्या प्रदर्शनांतही पाल दिवसभर उजेडात, छोट्या डब्यात, शंभर हातांखालून जाते. प्रवास टाळला म्हणून यातना टळल्या असं होत नाही, त्या नजरेआड जातात.

आणि घरात पैदास होण्याला मोल आहे. न्यू कॅलेडोनियातली क्रेस्टेड गेको नामशेष झाली असं मानलं जायचं. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज तिची पैदास इतकी होते की जंगलातून उचलण्याची गरज राहिलेली नाही. उलट आशियातली टोके गेको पाहा. औषधाच्या नावाखाली आणि हौसेपोटी तिची इतकी धरपकड झाली की २०१९ मध्ये तिला साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं. जंगलातून ओरबाडलेली पाल आणि घरात अंड्यातून निघालेली पाल या दोघींचा खोक्यातला प्रवास सारखा दिसला तरी त्यामागची नैतिक गोष्ट एक नाही.

साशंक : नाही, मान्य. पण डब्यातल्या पालीला आपला जन्म कुठे झाला याने थंडी कमी वाजत नाही. आणि ‘पैदास झाली म्हणून जंगल वाचलं’ हे दर वेळी खरं ठरत नाही. हौस वाढली की नव्या, दुर्मीळ जातीची मागणी जंगलापर्यंत जाते. आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत लेपर्ड गेकोची सख्खी बहीण राहते, ‘युब्लेफॅरिस फस्कस’. गावोगावी लोक तिला विषारी समजून मारतात, प्रत्यक्षात या कुळातल्या एकाही पालीत विष नाही. उद्या तिची हौस सुरू झाली तर मारणाऱ्यांच्या जोडीला पकडणारे येतील.

हौशी : आणि मी म्हणेन, ज्या मुलाने एक पाल महिनाभर वजन लिहून जगवली, तो पुन्हा कुठल्याच पालीवर झाडू उगारणार नाही. आपल्या घरांत पाल अंगावर पडली तर अंघोळ करण्याची रीत आहे. त्या किळसेच्या जागी आदर येणं, ही काही लहान गोष्ट नाही.

साशंक : आदर पुस्तकातूनही येतो, रात्री टॉर्च घेऊन माळावर गेल्यानेही येतो. त्यासाठी खोकं लागत नाही. पण माझा खरा आक्षेप अजून सांगायचा आहे, आणि तो तुमच्यासारख्या चांगल्या माणसांबद्दलच आहे. विकणारा आजारी पाल पाठवतो. तुम्ही ती वाचवता. पशुवैद्याचं बिल पालीच्या किमतीपेक्षा मोठं होतं, ते तुम्ही भरता. पाल सावरते, तुम्ही समाधानाने इतरांना सांगता. यात विकणाऱ्याचं काय गेलं? जो खर्च त्याने जन्मापासून नीट खाऊ घालून करायला हवा होता, तो तुम्ही केलात. तुमची शुश्रूषा जितकी निपुण, तितका त्याचा धंदा निर्धोक. तुम्ही एका पालीला वाचवलंत आणि तशाच पुढच्या पालीचा मार्ग मोकळा केलात.

हौशी : हा आक्षेप मला लागतो, कारण मला त्याला पूर्ण उत्तर नाही. मग काय करायचं? परत पाठवायची? म्हणजे अशक्त जिवाला पुन्हा तोच प्रवास, आणि ज्याने तिला या दशेला आणलं त्याच्याच हाती. भरपाई म्हणून दुसरी पाल घ्यायची? म्हणजे पहिलीला मोडकी वस्तू ठरवायचं. पैसे परत घ्यावेत असं मी म्हणतो, आणि पाल ठेवून घ्यावी. पण शुश्रूषा न करणं, हा विकणाऱ्याला शिकवलेला धडा ठरत नाही. त्या धड्याची किंमत पाल देते. समोर तडफडणाऱ्या जिवाला व्यवस्थेविरुद्धचं हत्यार बनवणं मला जमणार नाही, व्यवस्था कितीही वाईट असली तरी.

साशंक : तसं मी म्हणतही नाही. वाचवाच. पण वाचवणं गुपचूप राहू नये, एवढं तरी धरा. शुश्रूषा खासगी राहिली की विकणाऱ्याचा दोष झाकते. ती उघड झाली, नोंदीसकट, तर तोच पुरावा होतो.

हौशी : तर मग आपण एका जागी पोहोचतो आहोत. ‘जिवंत पोहोचली का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण या प्राण्याच्या शरीराला तो लागू पडत नाही. विचारायचा प्रश्न असा : निघाली तेव्हा वजन किती होतं, पोहोचली तेव्हा किती, आणि तिसाव्या दिवशी किती? पाठवणाऱ्याने काट्यावरचा फोटो खोक्यासोबत द्यावा, घेणाऱ्याने आल्या दिवशीचा आणि महिन्याचा द्यावा. हमी एक-दोन तासांची नसावी, तीस दिवसांची असावी, आणि तिला जोडून शी तपासल्याचा अहवाल. ज्या विकणाऱ्याला हे पेलत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. आणि ज्या घरात पाल मागवण्याआधी टाकी तापवून, थर्मोस्टॅट लावून, पशुवैद्य शोधून ठेवलेला नाही, त्या घराला चांगल्या विकणाऱ्याने पाल देऊ नये. काळजी खोकं उघडल्यावर सुरू होत नाही, मागणी नोंदवण्यापूर्वी सुरू होते. इतके दिवस मी शुश्रूषेचा क्रम ऊब, पाणी, अन्न असा सांगत आलो. त्याच्याही आधी ही एक पायरी आहे, हे तुमच्यामुळे मला नेमकेपणाने मांडता आलं.

साशंक : आणि तुमच्यामुळे मला हे मान्य करावं लागतं की ‘मागवूच नका’ म्हणून मी मोकळा होतो, पण आज रात्री जी पाल प्रवासात आहे तिच्यासाठी माझ्या बोलण्यात काहीच नाही. तरी तुमच्या तीस दिवसांच्या वहीबद्दल एक विचारतो. समजा ती वही सगळ्यांनी प्रामाणिकपणे ठेवली. चांगले पैदासकार, चांगली खोकी, चांगली घरं. वर्षाखेरीस हिशेब झाला, आणि इतकं करूनही शंभरातल्या काही पाली तिसाव्या दिवशी नव्हत्या. किती असल्या तर तुम्ही म्हणाल की चालेल?

हौशी : आत्ता माझ्याकडे आकडा नाही. एकही चालणार नाही म्हटलं तर पाठवणं थांबवावं लागेल, कारण शून्याची हमी कुठलाच प्रवास देत नाही. एखादा आकडा सांगितला तर तितक्या पालींचं मरण मी आगाऊ मंजूर केलं असं होईल. वही नव्हती तोवर मला हे ठरवावं लागत नव्हतं. प्रत्येक मरण ‘प्रवासाचा ताण’ या नावाने एकेकटं निघून जात होतं. वही ठेवायची तर हा आकडाही जाहीरपणे सांगावा लागेल, आणि तो सांगण्याआधी नवी पाल मागवण्याचा हक्क मला आहे का, हेही.